टोकन नंबर दोनशे सतरा

रविवारी मिसळ सोडून बाहेर पडणारं
नाशिकमधलं आमचं एकच घर असेल.
निषादला कोरियन नूडल्स हव्या होत्या,
ह्यांना गंगापूर रोडच्या कॉलेजात मांडलेले
जुने कॉम्प्युटर बघायचे होते,
सुलभाआत्याला काहीच नको होतं,
म्हणून ती सगळ्यात आधी गाडीत जाऊन बसली.
स्वेटर, मफलर, पर्स मांडीवर.

हॉलच्या दाराशी तिनं चपला काढल्या.
"आत्याआजी, इथे कोणीच काढत नाही."
"कॉम्प्युटरची खोली आहे ना?"
आणि मोज्यांनीच आत गेली.

आत उन्हानं पिवळे पडलेले डबे,
कवळीसारखे कीबोर्ड,
पोट सुटलेले मॉनिटर, त्यांच्यात हिरवी अक्षरं.
हे साप-सापाच्या खेळात वाकून बसले
आणि सातवीतल्या एका मुलीकडून तीनदा हरले.
कोपऱ्यातलं एक मशीन नुसतंच लुकलुकत होतं.
राखणीचा पोरगा म्हणाला,
"चालू होतं, पण पुढं काय करायचं ते कुणाला येत नाही."

आत्यानं खुर्ची ओढली.
गेली तीन वर्षं तिच्या हातून चहा सांडतो,
सहीसुद्धा सांडते.
पण त्या बटणांवर बोटं अशी पडली
जशी भाजी निवडताना पडतात, न बघता.
टोकन नंबर. नाव. हजेरी. जादा तास.
शेवटी मशीननं काहीतरी विचारलं.
ती एक बोट वर धरून बसून राहिली,
इतका वेळ, की मला वाटलं विसरली.
मग एकच बटण दाबलं.
प्रिंटर पत्रा घासल्यासारखा ओरडला,
एक ओळ बाहेर आली:
दोनशे सतरा, गांगुर्डे पी. के., हजेरी सव्वीस.

"कोण गं हे?"
"भूक लागलीय," ती म्हणाली.

कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात कागदी कंदील,
स्टीलच्या काड्या, वाफाळती वाडगी.
निषादनं काड्या धरायला शिकवलं,
तिनं दोन घास घेतले, मग सरळ चमचा मागवला.
किमची चाखून म्हणाली, "कोबीचं लोणचंच की,
जरा उन्हात ठेवायला हवं होतं."
आणि रश्शात बघत, कुणालाच न सांगितल्यासारखं:

"अंबडला मशीन आलं तेव्हा
हिशेबखात्यात आम्ही सात जण.
सहा महिन्यांनी मी एकटी.
प्रभाकरचं नाव यादीतून मीच काढलं.
मशीन विचारायचं, नक्की? वाय किंवा एन.
साहेब मागे उभे होते."

मग त्यानं त्रिमूर्ती चौकात चायनीजची गाडी लावली.
लाल रंग, त्यावर ड्रॅगन,
पण काढणाऱ्यानं मगरच पाहिलेली असावी.
आत्या दर शुक्रवारी जायची,
हाफ हक्का, तिखट जास्त.
"माझ्यासमोर सात-सात प्लेटींचा हिशेब
तोंडी करायचा, माझ्याकडे बघत.
एकदाही चुकला नाही मेला."
"आणि तुझ्याकडून पैसे घ्यायचा?"
"घ्यायचा तर! सुटे परत द्यायचा, मोजून."

ह्यांनी उगाच सॉसची बाटली सरकवली.
निषादनं त्या कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या
फाडून, एकात एक दुमडून स्प्रिंग केली होती,
टेबलावर ती हळूहळू उलगडत होती.
"आत्याआजी, आज काय दाबलंस? वाय?"
तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला,
गोळ्यांच्या पाकिटामागे.

उरलेली किमची मात्र तिनं बांधून घेतली.
घरी येईपर्यंत गाडीभर लसूण.
त्रिमूर्ती चौकाचा सिग्नल लागला, लाल,
नव्वद सेकंदांचा.
ह्यांनी मोजायला सुरुवात केली,
आत्या खिडकीबाहेर
मोबाइल कव्हरच्या दुकानाकडे बघत म्हणाली,
"इथं नाही. जरा पलीकडे."